प्राणवायूचा जमाखर्च

एक लिटर दूध तयार व्हावयाचे म्हणजे गाईच्या कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहून जावे लागते, आणि म्हणून दिवसाला २० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या कासेतून एका अहोरात्रात ८ ते १० हजार लिटर रक्त फिरते, ही गोष्ट पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला अभ्यासाच्या आरंभीच शिकवली जाते. परंतु या रक्ताबरोबर जो प्राणवायू कासेपर्यंत, यकृतापर्यंत आणि स्नायूंपर्यंत पोचतो त्याच्या विनियोगात काही गळती होतच असते, आणि त्या गळतीची भरपाई जनावराला आपल्या वैरणीतून करावी लागते, ही गोष्ट मात्र आपल्याकडे गोठ्यापर्यंत तर सोडाच, पण पुष्कळदा दवाखान्यापर्यंतही पोचलेली नसते. ही गळती प्रमाणाबाहेर गेली म्हणजे तिला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणतात, आणि ती आवरणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रस्तुत ग्रंथ या दोहोंविषयी आहे.

या विषयाची ओळख करून देताना पहिली अडचण येते ती अशी की, तो आपणांस आधीच ठाऊक आहे असे बहुतेकांना वाटत असते. चहाच्या पुड्यापासून चेहऱ्याच्या मलमापर्यंत अँटिऑक्सिडंटांचा डांगोरा पिटला जात आहे. पशुखाद्याच्या दुकानांतही आता तशा पुड्या आणि बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात, आणि दूध वाढेल, माज वेळेवर येईल, जनावर तजेलदार दिसेल अशी नाना आश्वासने त्यांवर छापलेली असतात. गिऱ्हाइकाची समजूत अशी होते की, प्राणवायूपासून उत्पन्न होणारी काही घातक द्रव्ये ही जनावराची वैरी, अँटिऑक्सिडंट हा त्यांवरचा उतारा, आणि उतारा जितका अधिक तितका गुण अधिक. यांतली पहिली दोन विधाने अर्धसत्ये आहेत आणि तिसरे निखालस चूक आहे. जनावराच्या शरीरात प्राणवायूचा एक जमाखर्च अखंड चाललेला असतो. त्याच्या दोन्ही बाजू जुळत्या ठेवणे हे पशुपालकाचे काम, आणि त्यासाठी लागणारी जमा बहुतांशी पुडीतून नव्हे तर वैरणीतून यावयाची असते, एवढे एक सूत्र वाचकाने हाती धरले म्हणजे पुढील प्रकरणांचा मार्ग सुगम होईल.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. शरीरातील पेशींत कलकणू नावाची सूक्ष्म अंगके असतात आणि अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने प्राणवायूपर्यंत पोचवून त्या व्यवहारातून ऊर्जा वसूल करणे हे त्यांचे काम असते. प्राणवायूच्या एका रेणूच्या पदरात चार इलेक्ट्रॉन पडले म्हणजे त्याचे निरुपद्रवी पाणी होते आणि प्रकरण मिटते. परंतु वाटेतल्या एखाद्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन निसटतो, प्राणवायूच्या वाट्यास चारांऐवजी एकच येतो, आणि सुपरऑक्साइड नावाचे एक अर्धवट, अस्वस्थ द्रव्य जन्मास येते. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते; आणि याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली तर हायड्रॉक्सिल हे मुक्त मूलक तयार होते, जे इतके उतावीळ असते की, जवळ येईल त्या रेणूवर, मग तो प्रथिनाचा असो वा जनुकद्रव्याचा, ते तत्काळ तुटून पडते. पेशीच्या पटलात असंतृप्त मेदाम्ले दाटीने बसलेली असतात. त्यांतल्या एकाचा हायड्रोजन हिरावला गेला की ते मेदाम्ल स्वतःच मूलक बनते, शेजारच्याचा हायड्रोजन ओढून घेते, आणि अशी साखळी लांबत गेली म्हणजे पटल जागोजाग झिरपू लागते. गोडेतेल उघडे राहून खवट होते त्या वेळी बरणीत जी रासायनिक क्रिया चालते तीच ही क्रिया होय; फरक इतकाच की येथे ती जिवंत पेशीत चाललेली असते.

आता जमेची बाजू. सुपरऑक्साइडचा निकाल लावण्यासाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचे एंझाइम असते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करण्यासाठी कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोन एंझाइमे असतात. आणि इतके करूनही जी साखळी पटलात सुरू होते ती तोडण्याचे काम ई जीवनसत्त्व करते, कारण ते आपला हायड्रोजन देऊन टाकते आणि स्वतः मूलक बनूनही पुढच्या मेदाम्लावर सहसा हात टाकत नाही. त्या खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामावर रुजू करून घेण्यास क जीवनसत्त्व साहाय्य करते. या सर्व बंदोबस्तात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, ही एंझाइमे शरीर स्वतः तयार करते खरे, पण त्यांच्या गाभ्यात बसणारी खनिजे त्याला बाहेरून मिळवावी लागतात: डिसम्युटेजच्या एका प्रकारात तांबे आणि जस्त, कलकणूंतल्या दुसऱ्या प्रकारात मँगेनीज, कॅटलेजमध्ये लोह आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजमध्ये सेलेनियम. ही खनिजे वैरणीत येतात ती जमिनीतून. म्हणून ज्या शिवारात जस्ताची उणीव आहे त्या शिवारातल्या वैरणीवर पोसलेल्या गाईच्या रक्तातही ती उणीव डोकावते, आणि भारतातील जमिनींत जस्ताची तूट किती दूरवर पसरली आहे हे मृदाशास्त्रज्ञांनी वारंवार सांगितलेले आहे.

येथे एक शंका साहजिक उद्भवते. ही द्रव्ये इतकी उपद्रवी आहेत, तर ती मुळीच निर्माण होऊ न देणे हेच उत्तम नव्हे काय? याचे उत्तर १९७३ साली बर्नार्ड बॅबियर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात सापडते. रक्तातील श्वेत पेशी जीवाणूंना गिळतात तेव्हा त्या जाणूनबुजून सुपरऑक्साइड तयार करतात आणि त्याच्या जोरावर त्यांचा संहार करतात, असे या संशोधकांना आढळले. कासेत शिरलेला जंतू मारावयाचा तर मूलके हवीतच. मात्र तो मेल्यावर त्या मूलकांनी कासेचेच मांस पोळू नये म्हणून श्वेत पेशीच्या स्वतःच्या अंगी पुरेसे ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमही हवे. ऑक्सिडीभवनाला नुसते दूषण देऊन भागत नाही, हे यावरून उघड होईल.

या ज्ञानाचा उगम मात्र मूलकांच्या रसायनशास्त्रात नाही. तो पिंजऱ्यातल्या उंदरांच्या वांझपणात आहे. १९२२ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना असे दिसले की, शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट आणि डुकराची चरबी असा आहार दिलेल्या उंदराच्या माद्या गाभण राहतात, पण त्यांचे गर्भ पोटातच विरून जातात; आणि लेट्यूसची हिरवी पाने खाऊ घातली की त्यांना सुरळीत पिल्ले होतात. पानांतले हे अज्ञात द्रव्य पुढे ई जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले आणि १९३६ साली ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळे काढण्यात आले. दरम्यान १९३१ साली पॅपनहायमर आणि गेत्श यांनी कोंबडीच्या पिल्लांतील एका विलक्षण व्याधीचे वर्णन केले होते: पिल्लू चालता चालता अडखळते, मान मागे टाकते, पाय ताणून उताणे पडते आणि उठू शकत नाही, मेल्यावर कवटी उघडून पाहावी तर लहान मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. ही ई जीवनसत्त्वाच्या उणिवेची करणी होती, आणि खाद्यातली चरबी जितकी असंतृप्त व खवट तितकी ती व्याधी लवकर उद्भवे. या दोन्ही नोंदींत साऱ्या विषयाचे बीज होते. पण त्याचा रासायनिक उलगडा होण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

सेलेनियमची कथा याहून विस्मयकारक आहे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने १८१७ साली हे मूलद्रव्य शोधले, परंतु पशुवैद्यकाच्या दप्तरात त्याची प्रथम नोंद झाली ती विष म्हणून. अमेरिकेतील साउथ डकोटा आणि आसपासच्या प्रदेशात गुराघोड्यांचे खूर वेडेवाकडे वाढत व गळून पडत, शेपटीचे आणि आयाळीचे केस झडत, आणि जनावर लंगडत खंगत जाई; या व्याधीचे मूळ तेथील जमिनीतून वनस्पतींत आणि वनस्पतींतून गुरांत उतरणाऱ्या सेलेनियमात आहे, हे १९३० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. असे हे बदनाम द्रव्य १९५७ साली एकाएकी जीवनावश्यक ठरले. क्लाउस श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी दाखवून दिले की, विशिष्ट आहारावरील उंदरांचे यकृत कुजून जाते ते सेलेनियमच्या सूक्ष्म मात्रेने वाचते. दुसऱ्याच वर्षी ओरेगनमधील मूथ, ओल्डफील्ड व त्यांचे सहकारी यांनी कोकरांतील पांढऱ्या स्नायूंच्या रोगाचे कोडे सोडवले. या रोगात कोकरू पाठीची कमान करून ताठ उभे राहते, त्याला आचळापर्यंत मान नेववत नाही, आणि शवविच्छेदनात त्याच्या मांडीच्या लालभडक असावयाच्या मांसात खडूसारखे पांढरे पट्टे आढळतात. गाभण मेंढ्यांच्या खाद्यात दर किलोस एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे सेलेनियम मिसळताच त्यांची कोकरे या रोगापासून मुक्त राहिली. हे का घडते याचा उलगडा त्याहीनंतर, १९७३ साली झाला, जेव्हा विस्कॉन्सिन येथील रॉट्रक, होकस्ट्रा प्रभृतींनी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमात सेलेनियम असल्याचे दाखवून दिले. त्याआधी, १९६९ साली, मॅकॉर्ड आणि फ्रिडोव्हिच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेजचे कार्य उजेडात आणले होतेच. १९७४ साली अमेरिकी सरकारने कोंबड्या आणि डुकरे यांच्या खाद्यात सेलेनियम मिसळण्यास परवानगी दिली, आणि १९८४ साली फिनलंडने तर ते रासायनिक खतांतूनच देशभरच्या जमिनींत घालण्याचा निर्णय केला.

या कथेतून घ्यावयाचा बोध मात्र मात्रेचा आहे. दर किलो कोरड्या खाद्यात ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम हे पोषण. तेच सुमारे ५ मिलिग्रॅमच्या पलीकडे दीर्घकाळ गेले की विषबाधा. जेवणातल्या दुसऱ्या फार थोड्या द्रव्यांना इतका अरुंद पट्टा लाभलेला आहे. आपल्या देशातही याचा दाखला आहे. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या काही गावांत, जेथे शिवालिकच्या टेकड्यांतून वाहून आलेला सेलेनियमयुक्त गाळ शेतांत साचला आहे, तेथील वैरणीवर पोसलेल्या गुरांत खूर वाढण्याची आणि केस झडण्याची तीच लक्षणे दिसून आलेली आहेत. अशा गावातील गोठ्यात सेलेनियमयुक्त खनिज मिश्रणाची पिशवी रिकामी करणे म्हणजे आपल्या हाताने विष चारणे होय. ज्या मुलखात तूट आहे तेथेच भर घालावी, आणि तूट आहे की नाही हे वैरणीच्या व रक्ताच्या तपासणीने ठरवावे, हा नियम त्यातूनच निष्पन्न होतो.

आता ज्या प्रकरणी हा विषय आपल्या पशुपालकाच्या संसाराशी सर्वांत निकट येतो त्याकडे वळू. गाय आटवल्यापासून ती विऊन दुधाला लागेपर्यंतचा काळ, आणि त्यातही विण्यापूर्वीचे ३ आणि व्याल्यानंतरचे ३ आठवडे, हा तिच्या जमाखर्चातला सर्वांत कठीण काळ होय. पोटातले वासरू झपाट्याने वाढत असते. कासेत चीक साठू लागतो. आणि नेमक्या याच वेळी गाईचे खाणे मंदावते. रक्तातील ई जीवनसत्त्वाची पातळी या सुमारास घसरते, कारण त्याचा मोठा वाटा चिकात उतरतो. तो उतरणे आवश्यकच असते. वारेतून हे जीवनसत्त्व गर्भाकडे फारसे जात नाही, त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ रिक्तहस्त, आणि त्याची पहिली शिदोरी म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा गडद पिवळा रंग ही त्यातल्या कॅरोटीनची साक्ष असते. आपल्याकडे पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यामागचा स्नेहभाव कोणी नाकारणार नाही; पण वासराचे पोट भरण्यापूर्वी खरवसाचे पातेले चुलीवर चढत असेल तर तो स्नेहभाव वासराच्या हिश्शातून खर्च होत आहे, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

याच काळात दोन तक्रारी घेऊन पशुपालक दवाखान्याची पायरी चढतो: एक, वार अडकली, दुसरी, कासेला दगडी झाली. वार सुटण्यासाठी गाईच्या श्वेत पेशींनी तिला परकी म्हणून ओळखून विलग करावे लागते. त्या पेशी दुबळ्या असतील तर १२ तासांच्या आत पडावयाची वार दिवस दिवस लोंबत राहते, आणि मग ती हाताने ओढण्याचे किंवा तिला वजन बांधण्याचे अघोरी उपाय सुरू होतात. दगडीत, म्हणजे कासदाहातही, जंतूंशी गाठ पडते ती याच पेशींची. ओहायो येथील स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आटवलेल्या गाईंना रोज ७४० युनिट ई जीवनसत्त्व दिले असता त्यांच्यातील लक्षणयुक्त कासदाहाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी घटले, आणि जीवनसत्त्वाबरोबर सेलेनियमही टोचले असता दुखण्याचे दिवस निम्म्याहून अधिक कमी झाले. हे निष्कर्ष जगभर गाजले, आणि भाकड काळात ई जीवनसत्त्व देण्याची प्रथा त्यांच्या आधारावर रूढ झाली. परंतु २०१० साली हॉलंडमध्ये बाउस्ट्रा प्रभृतींनी शेतकऱ्यांच्या गोठ्यांतच केलेली एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली, तीत गाईंना रोज ३००० युनिट देण्यात आले, आणि कासदाह कमी होण्याऐवजी वाढला. ओहायोतील गाई तुटीत होत्या. हॉलंडमधील गाईंची जमा आधीच समाधानकारक होती. खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा मूळपदावर आणणारी साधने अपुरी पडली म्हणजे ते स्वतःच मूलकासारखे वागू लागत असावे, असे एक स्पष्टीकरण यावर सुचवले गेले आहे. स्पष्टीकरण काहीही असो. तुटीत जे तारक ठरते ते भरल्या भांडारात मारक ठरू शकते, हा या दोन प्रयोगांचा एकत्रित फैसला आहे. मानवी वैद्यकातही असाच धडा मिळालेला आहे: फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट वाढला.

मग आपल्या गाईच्या खात्यात तूट असते की शिल्लक? याचे उत्तर बहुधा तिच्या गव्हाणीत दिसते. कोवळ्या हिरव्या गवतात, त्यातले पाणी वजा जाता, दर किलोस सुमारे ८० ते २०० युनिट ई जीवनसत्त्व असते. म्हणजे २५ किलो हिरवी वैरण खाणाऱ्या गाईस, तीत ५ किलो शुष्कांश धरला तर, ४०० ते १००० युनिट आपोआप मिळतात; आणि केवळ साठवलेल्या वैरणीवर असलेल्या ४०० किलो वजनाच्या भाकड गाईस बाहेरून जी भर घालावी म्हणून अमेरिकी तज्ज्ञमंडळाने २००१ साली शिफारस केली ती सुमारे ६४० युनिटांची होती. पण हेच गवत उन्हात वाळले की त्यातल्या ई जीवनसत्त्वाचा आणि कॅरोटीनचा मोठा हिस्सा नाहीसा होतो, आणि महिनोन्‌महिने गंजीत राहिलेल्या, पिवळसर पडलेल्या कडब्यात तो नावापुरता उरतो. सोलापूर, नगर आणि मराठवाडा या ज्वारीच्या मुलखात माघापासून ज्येष्ठापर्यंत दावणीला कडबा, उसाचे वाढे आणि सरकीची पेंड एवढेच असते. त्याने पोट भरते, दूधही निघते. पण या महिन्यांत गाभण असलेल्या जनावराची जमा दिवसेंदिवस आटत जाते. आणि दुष्काळात चारा छावण्यांत पोसल्या जाणाऱ्या जनावरांविषयी तर बोलावयासच नको. मुरघास नीट झाकून केला असेल तर वाळवणीपेक्षा त्यात कॅरोटीन बरेच टिकते, ही गोष्ट छोट्या पशुपालकाने अवश्य ध्यानी घ्यावी.

खाद्यातून जमा जशी येते तसाच खर्चही येतो. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतून निघणारा तांदळाचा कोंडा याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात १५ ते २० टक्के तेल असते आणि त्याच्या सोबतीला ई जीवनसत्त्वही असते. पण दाणा सडला जाताच कोंड्यातले एक एंझाइम त्या तेलाचे विघटन आरंभते, सुट्या झालेल्या मेदाम्लांना हवा लागते, आणि काही दिवसांतच कोंडा कडवट व खवट होतो. असा कोंडा चारला म्हणजे त्यातली जीवनसत्त्वे तर नष्ट झालेली असतातच, शिवाय जनावराच्या शरीरातली शिल्लकही तो खर्ची पाडतो. म्हणून तेल काढून घेतलेला कोंडा टिकाऊ ठरतो. कोंबडीखाद्यात पडणाऱ्या मासळीच्या कुटीचाही प्रकार तोच. तिच्यातली तेले इतकी असंतृप्त असतात की जहाजाच्या तळघरात ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि म्हणून निर्यातीपूर्वी तिच्यात इथॉक्सीक्विनसारखे कृत्रिम अँटिऑक्सिडंट मिसळण्याची पद्धत पडली. या द्रव्याच्या सुरक्षिततेविषयी पुरेसा पुरावा पुढे न आल्यामुळे युरोपीय संघाने २०१७ साली त्याची पशुखाद्यातील परवानगी स्थगित केली. खाद्य टिकवणारे द्रव्य आणि जनावराला टिकवणारे द्रव्य हे दोन निरनिराळे मामले आहेत, आणि त्यांची गल्लत व्यापारात फार होते.

उन्हाळ्याचा ताण हे आणखी एक मोठे प्रकरण. तापमान आणि आर्द्रता दोन्ही चढली म्हणजे जनावर धापा टाकते, खाणे सोडते, आणि त्याच्या रक्तात मेदाम्लांच्या नासाडीच्या खुणा वाढलेल्या आढळतात. म्हशीला हे विशेष जाचते, कारण तिची कातडी काळी आणि घर्मग्रंथी विरळ. कोंबडीला क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करता येते, परंतु कडक उन्हात ती निर्मिती अपुरी पडते, म्हणून पाण्यातून ते देण्यात अर्थ असतो. गाई-म्हशी ते यकृतात पुरेसे तयार करतात, आणि तोंडाने दिलेले बहुतेक कोठीपोटातल्या (रूमेनमधल्या) जंतूंकडूनच नष्ट होते, म्हणून त्यांना ते तसे पाजण्यात फारसा अर्थ नसतो. पण कोणतीही पुडी उघडण्यापूर्वी छपरावर पाचट, दिवसभर थंड पाणी आणि म्हशीला डुंबण्यास डबके यांची तजवीज झाली आहे काय, हे पाहिले पाहिजे. कृत्रिम रेतनाच्या क्षेत्रातही हा विषय महत्त्वाचा आहे: वळूच्या शुक्रपेशींपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन त्याच पेशी मंदावतात, हे टॉसिक आणि वॉल्टन यांनी १९४६ सालीच नोंदवले होते, आणि उणे १९६ अंशांवर साठवलेल्या रेतमात्रांत जिवंत पेशी किती उरतात याचा विचार करताना हा मुद्दा टाळता येत नाही.

हळद, शेवगा, आवळा इत्यादींच्या अर्कांविषयी सांप्रत जे बोलले जाते त्यासंबंधी दोन शब्द सांगणे इष्ट आहे. काचनळीत या अर्कांची मूलके टिपण्याची शक्ती निःसंशय दिसून येते. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव त्यांचे रूपांतर करून टाकतात, आतड्यातून त्यांचा थोडाच भाग रक्तात जातो, आणि रक्तात मेदाम्लांच्या नासाडीची एखादी खूण कमी झाली म्हणून गाय अधिक निरोगी झाली असे सिद्ध होत नाही. वार किती गाईंची अडकली, दगडी किती जणींना झाली, किती जणी गाभण न राहता उलटल्या, याच कसोट्यांवर अशा दाव्यांची परीक्षा झाली पाहिजे.

आता या ग्रंथाच्या प्रयोजनाकडे वळू. पुण्यात १८८९ साली इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या संस्थांचा जन्म साथींच्या दिवसांत झाला; बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी यांच्याशी झुंजण्यात आपल्या पशुवैद्यकाची सारी शक्ती खर्ची पडली, आणि तिचे फळही मिळाले: २०११ साली बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. आता ज्या व्याधी पुढे येत आहेत त्या मुकाट्याने येतात. जनावर मरत नाही, पण एक वेत वाया जाते, कासेचा एक सड निकामी होतो, कालवड वेळेवर माजावर येत नाही. अशा व्याधींचा कारणविचार मराठीत सांगोपांग मांडलेला असावा या हेतूने प्रस्तुत ग्रंथाची रचना झाली आहे. त्याच्या पूर्वार्धात रसायन आणि शरीरक्रिया आहेत, उत्तरार्धात गाय, म्हैस, शेळी-मेंढी आणि कोंबडी यांचा स्वतंत्र विचार आहे. ज्या पशुपालकास सूत्रे-समीकरणे जड वाटतील त्याने उत्तरार्ध आधी वाचण्यास हरकत नाही. विद्यार्थ्याने मात्र क्रम मोडू नये.

वाचकास शेवटी एवढीच विनंती आहे की, हा ग्रंथ वाचून त्याने कोणतीही बाटली विकत घेण्यापूर्वी आपल्या जनावराने गेल्या महिन्यात काय खाल्ले याची यादी करावी. खवट पेंड व बुरशी लागलेला कोंडा गोठ्याबाहेर काढावा. आपल्या भागासाठी सुचवलेले खनिज मिश्रण सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. आणि शक्य असेल तर दोन गुंठे का होईना, उन्हाळ्यातही हिरवी राहील अशी वैरण राखावी. लसूणघासाचा अतिरेक विण्यापूर्वी दुग्धज्वराला आमंत्रण देतो, म्हणून त्या दिवसांत मक्यासारखी वैरण बरी. गाभण गाईपुढे शेवटचे दोन महिने रोज हिरवा चारा पडणे हा या विषयातला पहिला उपाय आहे. बाकीचे सारे उपाय त्याच्यानंतरचे आहेत.